आधी लांबी, मग परवानगी

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी कुणी नवीन माणूस भेटलं की विचारतंच, "तुम्ही नेमकं काय काम करायच्या?" कॉम्प्युटरमध्ये होते असं सांगितलं की समोरचा खिशातून अडलेला मोबाइल काढतो. मला त्यातलं फारसं काही कळत नाही. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडच्या वरच्या मजल्यावर बसून मी सव्वीस वर्षं एकच काम केलं. कॉम्प्युटरच्या आतल्या मागण्या तपासायच्या आणि चुकीच्या मागणीला नाही म्हणायचं. म्हणजे मी स्वतः नाही म्हणायचे नाही, नाही म्हणणाऱ्या ओळी लिहायचे.

आमची कंपनी लहान होती, जेमतेम तीस माणसं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. पाण्याचे पंप आपोआप चालू-बंद करणारे डबे आम्ही बनवायचो. शाळेच्या दप्तराएवढी करडी पेटी, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा, खाली चार बटणं. आत एक छोटा कॉम्प्युटर. आणि त्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांवरचा मूळ कारभारी, आमची स्वतःची होती, बाहेरून आणलेली नव्हती. तिचा मेमरीचा भाग माझ्याकडं होता. याचा मला फार अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

काम सोप्या भाषेत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एखाद्या प्रोग्रॅमला साठवलेली फाइल वापरायची असते, तेव्हा तो ऑपरेटिंग सिस्टीमला म्हणतो, "ही फाइल, अमुक जागेपासून इतक्या लांबीची, मला मेमरीत जोडून दे. मला ती वाचायचीय आणि तिच्यात लिहायचंही आहे." हे ऐकून लगेच जोडून द्यायचं नसतं. आधी तपासायचं. लांबी शून्य तर नाही ना? अफाट तर नाही ना? सुरुवात योग्य हद्दीवर आहे ना? लिहायची परवानगी आहे ना? यातलं एक जरी चुकलं तरी नाही म्हणायचं, आणि का नाही त्याचं कारण एका आकड्यात परत द्यायचं. कारण एकच द्यायची सोय असते. जी चूक आधी सापडेल तिचंच कारण जातं. म्हणून तपासण्या कोणत्या क्रमानं करायच्या, याला महत्त्व असतं.

हे महत्त्व मला पहिल्यांदा शिकवलं ते वाळूजकडच्या एका दूध शीतकरण केंद्राच्या पठाडे नावाच्या गृहस्थांनी. त्यांनी आमच्या डब्यावर स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहून चढवला होता. एक दिवस त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा डबा व्हय म्हणला अन् मेला."

"म्हणजे?"

"म्हंजी मी जागा मागितली, त्यानं दिली म्हणून सांगितलं. अन् मी एक आकडा लिवला की गप. दिवे बी गेले."

मी दोन दिवस डोकं लावलं. पठाड्यांकडून चुकून प्रचंड मोठी लांबी मागितली गेली होती. मेमरी ठरावीक मापाच्या पानांमध्ये दिली जाते, म्हणून आमचा प्रोग्रॅम लांबी पुढच्या पूर्ण पानापर्यंत वाढवून घ्यायचा. ती लांबी आकड्याच्या शेवटच्या टोकाला होती. वाढवल्याबरोबर जुन्या स्कूटरचा मीटर नव्व्याण्णव हजाराच्या पुढं जाऊन पुन्हा शून्यावर यावा तशी ती शून्य झाली. शून्याची तपासणी मी आधीच करून मोकळी झाले होते, तेव्हा ती शून्य नव्हती. म्हणजे काहीही न देता डब्यानं "दिलं" म्हणून सांगितलं होतं. लांबी वाढवल्यानंतरही मी शून्याची तपासणी घातली आणि प्रश्न मिटला. पठाड्यांनी दिवाळीला पेढे पाठवले. तेव्हापासून ऑफिसात क्रमाचा प्रश्न आला की "मीनाताईंना विचारा" असं होऊन बसलं. आपल्याला हे कळतं, असं मलाही वाटायला लागलं.

मग ती लागोपाठची कोरडी वर्षं आली. धरणाचं पाणी उतरून तळाची जुनी भिंत उघडी पडली, ती बघायला लोक गाड्या घेऊन जात. शहर मात्र वाढतच होतं. बायपासच्या पलीकडं, जिथं आम्ही लहानपणी हुरड्याला जायचो, तिथं चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत पाण्याचा वार ठरलेला होता, आणि त्या दिवशी मी उशिरा ऑफिसला जाणार हे अण्णांनाही ठाऊक होतं. पाणी कमी म्हणजे ते फिरवून, मोजून द्यायचं, त्यासाठी जागोजाग नवीन पंप, आणि प्रत्येक पंपाला आमचा डबा. सांगायला बरं वाटत नाही, पण ती आमच्या कंपनीची भरभराटीची वर्षं होती.

शहराच्या दक्षिणेला नव्या वसाहतींसाठी एक उपसा केंद्र उभं राहिलं. ते एक कंत्राटदार चालवत असे. तिथं डबा बसवला तेव्हा तो कसा वापरायचा हे शिकवायला मी स्वतः गेले. तिथले ऑपरेटर यूनुसभाई. पन्नाशीचे, अंगानं किडकिडीत, कानाशी पांढरे झालेले केस, शर्टाच्या खिशाला नेहमी टेस्टर अडकवलेला. फिटर होता सुदाम मगरे, वेरूळच्या पुढच्या एका खेड्यातला. चाळिशीचा, कमी बोलणारा. मी सांगत होते ते यूनुसभाई कान देऊन ऐकत होते, सुदाम मात्र माझ्याकडं न बघता डब्याकडं बघत होता.

मी त्यांना दुरुस्तीचं कुलूप समजावलं. पाइपावरच्या वॉल्व्हसाठी जमिनीत बारा फूट खोल चेंबर होतं. त्यात माणूस उतरणार असेल तर आधी डब्यावरचं तिसरं बटण दाबून धरायचं. लाल दिवा लागला की पंप काही केल्या सुरू होत नाही, वरची टाकी रिकामी झाली तरी नाही. मधेच वीज गेली आणि आली, तरी डब्यानं ही गोष्ट फाइलीत लिहून ठेवलेली असते, तो विसरत नाही.

यूनुसभाईंनी विचारलं, "तो मॅडम, फ्यूज? हम तो उतरने के पहले फ्यूज निकालके खिसे में रख लेते."

फ्यूज काढून खिशात ठेवायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत होती. मी म्हणाले, "काढला तरी चालेल. पण आता गरज नाही. डबा सांभाळतो."

सुदाम पहिल्यांदा बोलला. "नाय काडला तरी चालतंय?"

"चालतं," मी म्हणाले.

फ्यूज काढत राहा, एवढंच मी म्हणायला हवं होतं.

वर्षभरानं मी डब्याच्या सिस्टीमची नवीन आवृत्ती केली. त्या काळात दिवसातून कितीतरी वेळा वीज जायची, आणि आल्यावर डबा सुरू व्हायला वेळ लावतो अशी तक्रार होती. मी माझा भाग उघडला. मागणी आली की मी आधी परवानगी तपासत होते आणि मग लांबी. परवानगी बघायला साठवणीच्या चिपपर्यंत जावं लागतं, त्याला वेळ लागतो. लांबी तर मागणीतच लिहिलेली असते, एका नजरेत कळते. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर, असा आमच्या धंद्यातला साधा शिरस्ता आहे. मी दोन ओळी वर-खाली केल्या. आधी लांबी, मग परवानगी.

रेहाना आमच्याकडं तपासनीस होती. कुणीही काहीही लिहिलं की ते मोडून बघायचं हे तिचं काम. रोशन गेटजवळून स्कूटीवर यायची, वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिनं माझा बदल वाचला आणि खुर्ची फिरवून विचारलं, "मीनाताई, एकाच मागणीत दोन्ही चुका असल्या तर?"

"तर नाहीच म्हणायचंय ना. आधी सापडो नाहीतर मागून, नाही ते नाहीच."

"पण कारण बदलतं."

"कारण कोण वाचत बसतंय?" मी हसून म्हणाले.

तिनं एकेक चूक वेगवेगळी करून बघितली. लांबी शून्य दिली तर बरोबर कारण आलं. परवानगी काढून घेतली तर बरोबर कारण आलं. दोन्ही एकदम करून बघायचा वेळ तिला मी दिला नाही, कारण सगळ्या केंद्रांवर नवीन आवृत्ती उन्हाळ्याआधी जायची होती.

एप्रिलमधल्या एका दुपारी अडीचच्या सुमाराला अण्णा जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत, आम्हाला खाली बोलावत. त्यांच्या हातात फोन तसाच चालू होता. "दक्षिणेच्या केंद्रावर माणूस गेला," ते म्हणाले.

सुदाम चेंबरमध्ये उतरून वॉल्व्हच्या जोडाचे बोल्ट काढत होता. यूनुसभाई वर तोंडाशी बसून त्याला पाने देत होते. वीज गेली. दोघांनी लक्ष दिलं नाही, रोजचंच होतं. वीस मिनिटांनी वीज आली, आणि मिनिटभराच्या आत पंप सुरू झाला. उघड्या जोडातून पाणी सुटलं. यूनुसभाई ओरडत पंपाच्या खोलीकडं पळाले. साठ-सत्तर पावलांचं अंतर. त्यांनी मेन स्विच पाडला आणि परत आले तोवर चेंबर भरलं होतं. ज्या वसाहतींना आठवड्यातून एकदा पाणी मिळायचं, त्यांचं पाणी होतं ते.

मी संध्याकाळी तिथं पोचले. पोलीस पंचनामा करून गेले होते. डबा चालू होता, हिरवा दिवा शांत लागलेला. पडद्यावर लिहिलेलं होतं, 'दुरुस्ती: नाही'. कंत्राटदाराचा माणूस ते प्रत्येकाला दाखवत होता. "बघा. कुलूपच लावलं नाही यानं. मशीन खोटं बोलतं का?"

यूनुसभाई भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. कपडे अंगावरच वाळलेले. मला बघून उठायला गेले आणि पुन्हा बसले. "मॅडम, मैं दबाया था. लाल बत्ती लगी थी. सुदाम भी देखा था." मग जणू आत्ताच लक्षात आलं तसं म्हणाले, "उसकू पूछ भी नहीं सकते अब."

मी त्यांना म्हणाले, आम्ही बघतो. खरं म्हणजे माझ्या मनात तेव्हा एवढंच आलं होतं की बिचारा विसरला असेल. आमच्या डब्यावर माझा माणसापेक्षा जास्त विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी डबा आमच्याकडं आला, सोबत चौकशी अधिकाऱ्याचं पत्र, की आतली नोंद वाचून कळवा. रेहानानं तो उघडला. साठवणीची चिप वीज जाताना दुखावली होती. अशा वेळी सिस्टीम चिपवरचं लिहिणं बंद करते, फक्त वाचू देते. ते ठीक होतं. कुलपाची फाइलही तिथंच होती, पण रिकामी. वीज गेली त्या क्षणी तिच्यातलं पुसलं गेलं होतं. लांबी शून्य, म्हणजे ती जोडून मागताना मागणीतली लांबीही शून्य.

रेहाना माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याकडं बघितलं नाही. पंप चालवणारा वरचा प्रोग्रॅम आमच्याच एका जुन्या सहकाऱ्यानं लिहिलेला होता, आणि तो कधीच कंपनी सोडून गेला होता. तो प्रोग्रॅम मी कधी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. आता उघडला. त्यानं व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. फाइल जोडताना 'परवानगी नाही' असं उत्तर आलं तर साठवणीत बिघाड आहे, लाल दिवा लावायचा, पंप बंदच ठेवायचा. 'लांबी चुकीची' असं उत्तर आलं तर डबा कारखान्यातून नुकताच आलेला आहे, अजून कुणी काही लिहिलेलं नाही, नेहमीसारखं सुरू करायचं. तो कारण वाचत होता.

आम्ही टेबलावर दुसरा डबा मांडला. पंपाच्या जागी एक बल्ब जोडला. तिसरं बटण दाबून कुलूप लावलं, फाइल रिकामी केली, लिहिणं बंद केलं, वीज तोडून पुन्हा दिली. जुन्या आवृत्तीवर लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. मग नवीन आवृत्ती चढवून तेच सगळं पुन्हा केलं. हिरवा दिवा लागला. आम्ही दोघी बल्बकडं बघत बसलो. चाळीस सेकंदांनी तो पेटला.

रेहानानं हात पुढं करून वीज बंद केली. "मी विचारलं होतं," एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट मनुष्य नव्हते. "आधी बाकीच्या केंद्रांवर जाऊन बदल टाका," ते म्हणाले. "आणखी कुणी जायला नको. ते झालं की पुढचं बघू."

"आणि यूनुसभाई?"

"आपण खोटं सांगायचं नाही. त्यांनी नोंद विचारलीय, नोंद द्यायची."

मी टाइप केलं, 'तपासणीअंती डब्याच्या साठवणीत दुरुस्ती कुलपाची नोंद आढळली नाही.' वाक्य शब्दशः खरं होतं. खाली माझी सही आहे. त्या वाक्यावर यूनुसभाईंवर गुन्हा दाखल झाला, त्यांना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं आणि कामावरून काढलं. आम्ही गाडी घेऊन एकेका केंद्रावर जात राहिलो. दोन ओळी पुन्हा खाली-वर करायच्या, पाच मिनिटांचं काम. भेटीच्या कागदावर मी प्रत्येक ठिकाणी 'नियमित देखभाल' असं लिहिलं. ऑपरेटर चहा आणायचे, त्या अपघाताचं बोलणं काढायचे, यूनुसनं असं कसं केलं म्हणून हळहळायचे. मी चहा प्यायचे.

असे नऊ दिवस गेले. तीस घरं कंपनीवर चालतात, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरंही होतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. इतक्या वर्षांत मी एकच गोष्ट नीट येणारी बाई म्हणून ओळखले गेले होते, आणि नेमक्या त्याच गोष्टीत माझी चूक झाली होती.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला खालून निरोप आला की कुणी यूनुसभाई आलेत. मला वाटलं, त्यांना कळलं. मी खाली गेले. ते शेडच्या बाहेर, गाड्या लावतात तिथं सावलीला उभे होते. दाढी वाढलेली. खिशाला टेस्टर नव्हता.

"अंदर बसो ना," मी म्हणाले.

"नक्को मॅडम. एकच विचारायचंय." ते माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करत होते, एखादी गोष्ट फार महत्त्वाची असली की ते तसं करत. "ते बटण. मी दाबलं, असं मला वाटतंय. लाल बत्ती दिसली, असं वाटतंय. पण रोज सगळे म्हणतेत, नाही दाबलं. घरवाली बी म्हणते, बूढे हो गए, भूल गए होंगे. आता मला बी आठवंना. डोळे मिटले की कधी लाल दिसतो, कधी हिरवा. आप मशीन खोलके देखे ना? बस इतना बताओ. माझ्याकडनं राहिलं का?"

ते मला दोष द्यायला आले नव्हते. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि तो परत मिळेल म्हणून ते ज्या बाईनं तो हिरावला तिच्याकडंच आले होते.

मी म्हणाले, "तुम्ही बटण दाबलं होतं. लाल दिवा लागला होता. चूक डब्याची आहे. चूक माझी आहे."

तिथं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "आपकू कब मालूम पडा?"

"तिसऱ्या दिवशी."

"आज बारवां है."

"हो."

त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं. "मैं सुदाम की मिट्टी में नहीं गया, मॅडम," ते म्हणाले. "मुंह नहीं था मेरा. सोचा, मैं ही मारा उसकू." मग वळले आणि रस्त्याच्या कडेनं चालत गेले. मी पाणी घ्या म्हणाले, ते थांबले नाहीत. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

मी वर येऊन चार पानी जबाब लिहिला आणि अण्णांच्या टेबलावर एक प्रत ठेवून चौकशी अधिकाऱ्याकडं गेले. क्रांती चौकाजवळच्या एका जुन्या कचेरीत ते बसत. त्यांनी चारही पानं वाचली. "मॅडम, तुम्ही म्हणता दोन्ही तपासण्या बरोबर होत्या. मग चूक कुठंय?"

"क्रमात."

त्यांनी पेन उचलला, थांबले, आणि 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं. मी म्हटलं, तसं नका लिहू, बिघाड काही झाला नव्हता, डब्यानं मी सांगितलं तेच केलं. ते म्हणाले, "तुमचा जबाब जोडतोय ना सोबत."

पुढं जे व्हायचं ते झालं. यूनुसभाईंवरचा गुन्हा मागं घेतला गेला. कंत्राटदारानं त्यांना परत बोलावलं, पण ते गेले नाहीत. आमच्या डब्यांच्या मागण्या बंद झाल्या. वर्षभरात तीस माणसांची बारा झाली. अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले, ताई म्हणायचं मात्र त्यांनी सोडलं. मला काढलं नाही, आणि मीही सोडलं नाही. रेहाना पुण्याला गेली. जाताना तिनं मला एक जाड वही दिली, एकाच मागणीत दोन-दोन, तीन-तीन चुका घालून काय उत्तर यायला हवं याचे तक्ते. निवृत्त होईपर्यंत आमची प्रत्येक आवृत्ती त्या वहीवरून तपासली गेली. आणि प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत एक पत्रा ठोकला, 'उतरण्यापूर्वी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा.'

एवढं करून माझं संपलं असतं, पण त्याच वर्षी जूनमध्ये सुदामची बायको इंदूबाई ऑफिसात आली. भाऊ सोबत होता, तो खालीच थांबला. ती माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसली. जबाबाची बातमी तिच्यापर्यंत गेली होती, पण अर्धवट.

"मला नीट सांगा," ती म्हणाली. "मी चौथी शिकले. पर सांगा."

मी सांगितलं. कागदावर दोन चौकोन काढले, एकात लांबी, एकात परवानगी. ती कागद स्वतःकडं ओढून बघत राहिली. "म्हंजी खोट दोन व्हत्या. अन् तुमच्या डब्यानं बारकी आदी सांगितली."

"हो."

"मोठी सांगितलीच नाय."

"नाही. एकच सांगता येते."

माझ्या धंद्यातल्या किती शिकलेल्या माणसांना मी हे समजावलंय, इतक्या थोडक्यात कुणी मांडलं नाही. मला वाटलं, आता ती रडेल किंवा मला बोलेल. तिनं कागदाची घडी घातली. "गावात म्हणतेत, त्यो पिऊन उतरला व्हता. फ्यूज काडला नाय म्हणून. शुद्धीवरचा माणूस फ्यूज काडल्याबिगर उतरंल का, असं म्हणतेत. त्यानं कदी तोंडाला लावली नाय, बाई. माझा सासरा त्या दिसापासून पारावर जायना. तुमी या अन् सांगा. माझं कोण ऐकतंय?"

पुढच्या रविवारी मी गेले. वेरूळ मागं टाकून बस आत वळली तशी दोन्ही बाजूंची रानं कोरडी, पेरणीची वाट बघत पडलेली. देवळासमोरच्या पारावर पंधरा-वीस माणसं जमवलेली होती. इंदूबाईनं सासऱ्याला, तात्यांना, हाताला धरून आणलं. ते पाराच्या कडेला, मान खाली घालून बसले.

मी आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. डबा काय असतो, बटण काय असतं, वीज गेल्यावर काय झालं, सगळं सांगितलं. आधी लांबी, मग परवानगी, हेही सांगितलं. किती जणांना कळलं ठाऊक नाही. मग म्हणाले, फ्यूज काढायची गरज नाही हे सुदामला मी सांगितलं होतं. त्यानं मला परत विचारलं होतं, नाही काढला तरी चालतं का, आणि मी चालतं म्हणाले होते. त्यानं माझं ऐकलं.

एकजण विडी विझवून उगाच तिच्याकडं बघत बसला. तात्यांनी मान वर केली.

"म्हंजी प्याला नव्हता?"

"नाही, तात्या."

"तुमी लिवून दिलंय हे? सरकारात?"

"दिलंय. सही आहे माझी."

ते इंदूबाईच्या खांद्याला धरून उठले. माझ्याकडं त्यांनी पुन्हा बघितलं नाही. पारावरच्या माणसांकडं तोंड केलं, एकेकाकडं नीट बघितलं, आणि म्हणाले, "ऐकलं का रं?"